कवडीचं वय

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात सर्वांत जास्त खोटं कुठं बोललं जातं असं विचारलं, तर लोकांनी निवडणुकीचं नाव घेतलं असतं. पण ज्यांच्या दारात कारवानी जातीची शिकारी कुत्री बांधलेली होती, त्यांना खरं उत्तर ठाऊक होतं. अहमदपूरला दर कार्तिकात श्वानप्रदर्शन भरे, त्यात सहा ते नऊ महिन्यांच्या पिल्लांचा एक गट असे, आणि त्या गटात नऊ महिन्यांखालचं पिल्लू शोधूनही सापडत नसे.

कारण साधं होतं. सात महिन्यांचं कारवानी पिल्लू म्हणजे नुसते पाय. त्यांच्यावर कुत्रा बसवायचा राहून गेलाय असं वाटतं. तेच अकरा महिन्यांचं झालं की छाती भरते, कंबर आवळते, चाल सुधारते आणि परीक्षकाची नजर तिथंच खिळते. जन्माची चिठ्ठी मालकानंच भरून प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाकडे पाठवायची असल्यामुळे जो तो तारीख तीन-चार महिने पुढे ढकलून मोकळा होई. सगळेच करतात म्हटल्यावर कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गुंडेराव सुरनरांना वाटत होतं. या माणसानं चाळीस वर्षं कारवानी कुत्री सांभाळली आणि प्रत्येक वेताची तारीख, वेळ, पिल्लांची संख्या वहीत लिहून ठेवली. मोठ्या कुत्र्यांच्या गटात त्यांनी कितीतरी ढाली आणल्या, पण पिल्लांच्या गटात एकदाही नाही. त्यांची मुलगी प्रणिता दहा वर्षांची असताना पिल्लाची साखळी धरून रिंगणात उभी राहिली होती. शेजारचं सात महिन्यांचं म्हणवणारं पिल्लू मांडवाच्या खांबापाशी वयात आलेल्या कुत्र्याच्या रुबाबात तंगडी वर करून मुतत होतं आणि परीक्षक गालातल्या गालात हसत होते. ढाल त्यालाच मिळाली. प्रणिता घरी येईपर्यंत रडली. आपण आपलं खरं लिहायचं, एवढंच गुंडेराव म्हणाले. तिला त्यांचा राग आला, आणि तो राग तिनं पुढं पंचवीस वर्षं जपला.

त्या रागातूनच ती पशुवैद्य झाली, पुण्यात संशोधनाला गेली, आणि तिनं ते यंत्र बनवलं.

यंत्र दिसायला शिवणयंत्राच्या पेटीएवढं. कुत्र्याच्या गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं लाळ घ्यायची, नळीत घालायची, आणि चाळीस मिनिटांत पडद्यावर वय येई. त्यामागचं विज्ञान प्रणिता प्रदर्शनाच्या मांडवात उभी राहून सांगायची तेव्हा शेळ्या राखणाऱ्या माणसालाही ते कळायचं. ती म्हणे की प्रत्येक पेशीत डीएनएची एक लांबलचक दोरी असते. त्या दोरीवर ठराविक जागी मिथाइल नावाचे बारीक रासायनिक कण येऊन चिकटतात, काही जागी असलेले कण गळून पडतात. जन्मल्या दिवसापासून हे चालू असतं. कुठल्या जागी किती कण आहेत हे मोजलं की वय कळतं. चिठ्ठीवरची तारीख बदलता येते, पेशीतले कण कुणाला बदलता येत नाहीत.

आता यंत्राला वय ओळखायला शिकवायचं तर आधी ज्यांचं वय नक्की माहीत आहे अशा शेकडो पिल्लांची लाळ हवी. इथं प्रणितानं फार विचार केला. खेड्यातल्या मालकांच्या तारखांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो एकाच माणसाच्या वह्यांवर, पण स्वतःच्या बापाची पिल्लं घेतली तर उद्या लोक बोट दाखवतील, म्हणून तिनं त्या वह्यांना हातसुद्धा लावला नाही. शेवटी तिनं सहाशे पिल्लं घेतली ती श्वानपैदाशीच्या तीन मोठ्या केनेलांमधली. तिथं बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरे होते, त्यामुळे तारखेबद्दल शंकेला जागा नव्हती. ती पिल्लं तयार खाद्य खात, पंख्याखाली झोपत आणि वेळच्या वेळी लस घेत. आपण फार काटेकोरपणे वागलो याचं तिला तेव्हा समाधान वाटलं होतं.

बालाघाट कारवानी मंडळानं यंत्र स्वीकारलं आणि नियम प्रणिताकडूनच लिहून घेतला. यंत्राचं वय आणि चिठ्ठीचं वय यांत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त फरक निघाला तर ती लबाडी समजायची, आणि मालकाचं नाव त्याच्या सगळ्या कुत्र्यांच्या वंशावळीसकट मंडळाच्या वहीतून कायमचं काढायचं. पूर्वी मामा-मेहुण्यांना साक्षीला आणायची पद्धत होती, म्हणून तिनं आणखी एक कलम घातलं की यंत्राविरुद्ध कुणाचीही तोंडी साक्ष चालणार नाही. सभेत पहिला हात गुंडेरावांचा वर गेला. सत्तरीला आलेला तो माणूस त्या दिवशी मांडवात लहान मुलासारखा सगळ्यांना सांगत फिरत होता की यंत्र आमच्या लेकीचं आहे.

पहिल्या दोन वर्षांत एक्केचाळीस नावं वहीतून गेली. पहिल्या वर्षी गेलेले बरेचसे खरोखरच लबाड होते आणि त्यांनी गुपचूप मान खाली घातली. दुसऱ्या वर्षी मात्र काहींनी वाद घातला. कौसाबाई तिडके नावाची ऊसतोडणीला जाणारी बाई होती. तिचं पिल्लू फडावर, पाचटाच्या खोपीत वाढलेलं. यंत्रानं ते साडेतीन महिन्यांनी मोठं दाखवलं. कौसाबाईनं पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, गाडीत पिल्लं झाली त्या दिवशी मुकादमानं उचल दिली होती, त्याला विचारा म्हणाली. प्रणितानं तिला शांतपणे समजावलं की समोर कोण बोलतंय हे यंत्राला कळत नाही, हीच तर त्याची खुबी आहे. बाई पिल्लू खांद्यावर टाकून चालती झाली. कौसाबाईनं असं करायला नको होतं, असं गुंडेराव घरी येऊन हळहळत म्हणाले.

केनेलवाल्यांपैकी दोन वर्षांत तीनच नावं गेली होती आणि बाकी अडतीस खेड्यापाड्यांतली होती, हे प्रणिताच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. खेड्यातले लोक जास्त खोटं बोलतात, अशी तिनं स्वतःची समजूत घालून घेतली. स्वतः खेड्यातली असून तिला ती पटली, हे त्यातलं वाईट.

तिसऱ्या वर्षी पाडव्याला प्रणिता गावी होती. गुढी उभारून होते न होते तोच गुंडेरावांनी गोठ्यातून हाक मारली. ससाणी नावाची त्यांची कुत्री अडली होती. प्रणितानं नवी साडी तशीच खोचली आणि पिल्लू हातानं सोडवलं. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका असलेली ती मादी होती. तिचं नाव कवडीच पडलं. गुंडेरावांनी वहीत लिहिलं, चैत्र शुद्ध प्रतिपदा, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं, पिल्लं सहा.

मग उन्हाळा आला तो पिल्लांच्या मुळावरच उठला. तिसऱ्या आठवड्यात ससाणीला साप चावला आणि ती गेली. पिल्लं शेळीच्या दुधावर राहिली, आणि टँकरची वाट बघत बसलेल्या गावात शेळीला तरी कितीसं दूध असणार. त्यात पार्वो या कुत्र्यांच्या रोगाची साथ आली. रक्ताचे जुलाब होऊन पाच पिल्लं चार दिवसांत गेली. कवडीला गुंडेरावांनी मांडीवर घेऊन चमच्या चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजलं, सलाईन लावायला रोज सायकलवरून दवाखान्यात नेलं. ती वाचली. श्रावणात ती धावायला लागली तेव्हा गुंडेरावांनी मुलीला फोन करून सांगितलं की चाळीस वर्षांत असं पिल्लू त्यांच्या दारात झालं नव्हतं.

कार्तिकातल्या त्या रविवारी मांडवात सगळ्यांच्या नजरा कवडीवर होत्या. पिल्लांच्या गटात यंदा सुरनरांचीच ढाल, असं लोक उघड बोलत होते. पाडव्यापासून मोजलं तर ती साडेसात महिन्यांची होती. प्रणितानंच तिच्या गालातून बोळा फिरवला आणि नळी यंत्रात ठेवली. नंतर ती चहा प्यायला गेली. तिला कसलीच धास्ती नव्हती.

पडद्यावर अकरा महिने वीस दिवस असं वय आलं.

तिनं आपलं काही चुकलं असेल म्हणून दुसरा नमुना घेतला. मंडळाचे अध्यक्ष बाबूअप्पा खानापुरे शेजारी येऊन उभे राहिले. दुसऱ्यांदा अकरा महिने बावीस दिवस आले. बातमी मांडवभर व्हायला वेळ लागला नाही. कुणी हसलं नाही, पण ज्यांची नावं गेली होती त्यांच्यातले चार-सहा जण बघायला आलेले होते, ते पुढं सरकून रिंगणाच्या दोरीला टेकून उभे राहिले.

आकडा खोटा नव्हता, यंत्र बिघडलेलं नव्हतं, आणि पिल्लू तर प्रणितानं स्वतःच्या हातानं सोडवलं होतं. मग उरलं काय, याचा उलगडा तिला तिथं उभ्या उभ्याच झाला. ते कण दिवसांनी तर चिकटतातच, पण उपासमारीनं, आजारानं, आई गेल्याच्या धसक्यानंही चिकटतात, आणि तेव्हा भराभर चिकटतात. पोटभर खाऊन पंख्याखाली झोपलेल्या सहाशे पिल्लांकडून शिकलेल्या यंत्राला हाल म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. हाल दिसले की ते त्यांना महिने समजत होतं. कवडीनं उन्हाळ्यात जे सोसलं होतं, त्याचे यंत्रानं चार महिने धरले होते. मग कौसाबाईच्या पिल्लाचे साडेतीन कशाचे होते, हा प्रश्न तिला टाळता येईना.

तिनं वडिलांना मांडवामागं, पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि भडाभडा सगळं सांगितलं. गुंडेराव कवडीची साखळी मनगटाला गुंडाळून ऐकत होते. त्यांनी मध्येच विचारलं की हे आता लोकांना सांगितलं तर काय होईल. प्रणिता म्हणाली की एक्केचाळीस जणांची चौकशी परत करावी लागेल, यंत्र बंद होईल, तिचं पुण्यातलं काम संपेल, आणि शिवाय लोक म्हणतील की परक्यांची नावं कापताना यंत्र बरोबर होतं, स्वतःच्या बापावर आलं तेव्हाच बिघडलं.

"न्हाई सांगितलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर तुमचं नाव जाईल, आबा. ससाणीचं, तिच्या आईचं, सगळ्यांचं. चाळीस वर्षांचं."

गुंडेरावांनी टाकीची तोटी सोडून कवडीला पाणी पाजलं. प्रणिताला वाटत होतं की ते आपल्याला खरं सांगायला लावतील. लहानपणापासून त्यांनी दुसरं काही शिकवलंच नव्हतं. त्यांनी तसं म्हणावं, म्हणजे मग आपल्याला दुसरा रस्ता उरणार नाही, अशी तिला मनातून आस होती. स्वतःहून तो रस्ता धरण्याचं धाडस तिच्यात नव्हतं, हे तिला तेव्हाही कळत होतं.

"तुझ्या त्या कौसाबाईचं बी असंच असंल का?" ते म्हणाले.

"असेल. नक्की सांगता येत नाही."

"बरं," असं म्हणून ते मांडवाकडे निघाले.

अध्यक्षांच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं. ते म्हणाले, "तारीख मी खोटी लिहिली, अप्पा. पिल्लू पाडव्याचं न्हाई, दुसऱ्या कुत्रीच्या आदल्या वेताचं हाय. म्हातारपनी ढालीचा मोह झाला. लेकीला यातलं काय बी ठावं न्हवतं."

बाबूअप्पांचा विश्वास बसेना. त्यांनी तेच पुन्हा विचारलं आणि गुंडेरावांनी तेच पुन्हा सांगितलं. मग वही पुढं आली. कबुलीजबाब कारकुनानं लिहिला, खाली गुंडेरावांनी सही केली, आणि त्याखाली तपासणी अधिकारी म्हणून प्रणिताची सही हवी होती. पेन तिच्या हातात आलं. तोंड उघडायला अजूनही वेळ होता. दोरीला टेकलेल्या त्या चार-सहा माणसांकडे तिनं एकदा पाहिलं, बापाकडे पाहायचं टाळलं, आणि सही केली.

त्यानंतर जे झालं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं. बाबूअप्पांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि सांगितलं की आपण आयुष्यात पुष्कळ पंच पाहिले, पण सख्ख्या बापालाही न सोडणारी मुलगी आजच पाहिली. आधी चार टाळ्या पडल्या, मग सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. दोरीपाशी उभे असलेलेसुद्धा वाजवू लागले, कारण आपल्यावर झाला तो न्याय सगळ्यांनाच होता, अशी त्यांची खात्री पटली होती. कवडीला घेऊन गुंडेराव त्या टाळ्यांतूनच बाहेर पडले. त्यांना वाट द्यायला लोक बाजूला झाले, पण कुणी राम राम घातला नाही. ढाल हर्षद निटुरे यांच्या केनेलमधल्या एका गुबगुबीत पिल्लाला मिळाली. त्याचं वय यंत्रानं आठ महिने दाखवलं होतं आणि तंगडी वर करायला ते मांडवाचा खांब शोधत होतं.

पुण्याला गेल्यावर प्रणितानं जुन्या नमुन्यांचे आकडे पुन्हा तपासले. प्रत्येक नमुन्यात उपासमारीनं, आजारानं बदललेल्या झिजेच्या जागा वेगळ्या काढता येत होत्या. त्या वगळून पाहिलं तर बेचाळीसपैकी सत्तावीस मालक निर्दोष निघाले, त्यात कौसाबाई होती आणि गुंडेराव होते. तिनं बारा पानांचा अहवाल लिहिला. तो मंडळाला पाठवायचा म्हणून तिनं तीनदा पाकीट केलं. दर वेळी तिला वाटे की थोडी सुधारणा करून यंत्राची नवी आवृत्तीच काढावी, म्हणजे जुन्याबद्दल कुणाला काही सांगायला नको. अहवाल टेबलाच्या खणात राहिला.

माघात तिला एका मोठ्या क्रीडा संस्थेचं बोलावणं आलं. मुलींच्या शालेय धावण्याच्या स्पर्धांत बारा वर्षांखालच्या गटात चौदा-पंधरा वर्षांच्या मुली घुसतात, जन्मदाखल्यांवर भरवसा राहिलेला नाही, तेव्हा तेच यंत्र माणसांसाठी करून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. अहमदपूरची हकिगत त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि तिच्यामुळेच त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं. माहितीपत्रकात पहिल्या पानावर ती हकिगत घालायची होती. त्यासाठी वडिलांची संमती म्हणून एक सही तेवढी आणा, असं त्यांनी सांगितलं. प्रणितानं होकार देऊन टाकला आणि मग ती गावी गेली.

दुपारची वेळ होती. गुंडेराव अंगणात कवडीच्या पायातला काटा काढत बसले होते. तीन महिन्यांत त्यांच्याकडे कुत्रं बघायला कुणी आलं नव्हतं, आणि पारावर बसणं त्यांनी सोडलं होतं हे तिला शेजारणीकडून कळलं. त्यांनी तिला जेवायला वाढलं. जेवताना तिनं कागद काढला आणि संस्थेचं काम काय आहे ते सांगितलं. कुठल्या पोरी, असं त्यांनी विचारलं. तांड्यावरच्या, आश्रमशाळांतल्या, कुठल्याही, धावणाऱ्या सगळ्या, असं ती म्हणाली. यंत्र सुधारलं का, असं त्यांनी विचारलं. सुधारतेय, ती म्हणाली, पण स्पर्धा उन्हाळ्यात आहेत आणि तोवर होईलच असं नाही.

गुंडेरावांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"मी खोटं बोललो ते यंत्र माझ्या लेकीचं हाय म्हनून," ते म्हणाले. "त्या पोरींच्या बापांनी कुनासाठी बोलायचं, माय?"

तुम्हीच तेव्हा मला गप्प बसवलं, असं प्रणिता रागानं म्हणून गेली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की त्यांनी तिला गप्प बस असं कधीच म्हटलं नव्हतं. कागद त्यांनी सहीविना परत दिला, पाठीवर हात फिरवला आणि चारच्या एसटीला जायचं असेल तर आता निघायला हवं म्हणाले. फाट्यापर्यंत ते कवडीला घेऊन सोबत आले.

पुण्याला पोचल्यावर प्रणितानं दोन दिवस तो कागद टेबलावर तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी संस्थेचा फोन आला. तिनं मंडळाच्या वहीतल्या कबुलीजबाबाचा फोटो मागवून ठेवला होता, तो संमतीच्या कोऱ्या कागदाला जोडून पाठवून दिला. त्याच्याखाली गुंडेरावांची सही होतीच, आणि संस्थेला तेवढी पुरली.